पाणलाजाळूचा ढीग

सर, तुम्ही दिलेलं हिरवं समुद्री शेवाळ अजून माझ्याकडे आहे, जुन्या पेपरच्या घडीत दाबलेलं. कॉलेजच्या लॅबमध्ये तुम्ही ते टेबलावर ठेवलंत आणि शेजारी आपल्या तलावातली पाणलाजाळू. शेंगांच्या कुळातली, पांढऱ्या भुसभुशीत देठावर तरंगणारी, बोट लावलं की पानं मिटणारी. "दोन्ही पाण्यातलं शिसं ओढतात. मग फरक काय?" तुम्ही विचारलंत. मी फटकन म्हणाले, शेवाळाला खारं पाणी लागतं, ते इथे मरेल, लाजाळू जगेल. तुम्ही भडकलात. "अन् ओढलेलं शिसं जाते कुठी, हे काहून नाही विचारत वं?" सगळ्या वर्गासमोर! आठ दिवस मी तुमच्याशी बोलले नाही.

तुम्ही वारलात, मग रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं आणि मला पाणी तपासायच्या ऑफिसात नोकरी लागली. गुढियारीकडच्या एका तलावात कारखान्याचं पाणी उतरायचं. मी अहवालात तुमचीच तुलना मांडली आणि लाजाळूची शिफारस केली. साहेब खूश. लाजाळू फोफावली, पाण्यातलं शिसं खरंच कमी झालं. मग मजुरांनी ती उपटून घाटावर ढीग घातले. ढिगाचं पुढे काय करायचं, हे मी लिहिलंच नव्हतं.

इथे हिरवं पान दिसलं की पहिला प्रश्न एकच, याची भाजी होते का? परवा सासूबाई बाजारातून आल्या. "नवीन भाजी भेटली वं, तलावातली. लई कवळी आहे." मी जुडी हातात घेतली. देठ भुसभुशीत. पानं माझ्या बोटांखाली हळूच मिटली. ही घाटावरच्या त्या ढिगातलीच. "पोट बिघडेल, आई," एवढंच म्हणून मी ती फेकली.

काल त्या भाजीवालीकडे गेले. टोपली रिकामी होती. "हव दीदी, सब बिक गई," ती हसून म्हणाली. "हमारे बच्चे भी खूब खाते हैं. कल और लाऊंगी." मी मान हलवून परत आले.

आज सकाळपासून साहेबांसाठी टिपण लिहायला बसले आहे. ढीग हलवा, भाजी थांबवा. खाली सही माझी लागेल आणि जुन्या अहवालावरही माझीच आहे. टिपणाचा कागद अजून कोराच आहे. तिची टोपली आता भरली असेल. आणि मी तुम्हाला लिहून राहिले, सर, कारण तुम्ही हे वाचणार नाही.