हत्तीच्या शेजारी

लखनौ, ४ मार्च २०२५

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. फोनवर तुम्हाला धड ऐकू येत नाही हे बरंच म्हणायचं. एरवी इतकं सविस्तर कधी सांगितलं असतंत? आपल्या मळ्यात, नदीकाठी पाइपलाइनचा चर खणताना निघालेल्या हाडाचा फोटो शेखरदादाने पाठवला. मी तो आमच्या जीवाश्म विभागातल्या सरांना दाखवला. हत्तीच आहे, बाबा, पण आजचा नव्हे. ही जात हजारो वर्षांपूर्वी नामशेष झाली. हत्तीच्या हाडांना कुणाला हात लावू देऊ नका, पोत्याने झाकून ठेवा. आम्ही तीस तारखेला पोहोचतो. पहाऱ्याला बसाल तर खुर्ची घेऊन बसा, वर्गातल्यासारखे उभे राहू नका.

लोभ आहे तसाच असू द्यावा.
संजना

मळा, ता. निफाड, १२ मार्च

चि. संजना हिस अनेक आशीर्वाद.

तुझा हत्ती सुखरूप आहे. एक सांगायचं राहिलं. सोमवारी चराची कड ढासळली आणि हत्तीपासून हातभर अंतरावर माणसाचं डोकं निघालं. कवटीचा वरचा भाग आणि जबड्याचा तुकडा. पोलीस पाटील बघून म्हणाले, फार जुनं आहे, तक्रारीसारखं काही नाही. पूर्वी साथीत गेलेल्यांना काठावर पुरायचे, त्यातलाच कुणी असेल. बघ्यांच्या पायाखाली येईल म्हणून राहवेना. धुतल्या पंच्यात बांधून एसटीने नाशिकला द्वारका चौकात उतरलो, तिथून रामकुंडावर. गुरुजींनी नाव विचारलं, माहीत नाही म्हणालो. गोत्र ठाऊक नसलं तर कश्यप चालतं, म्हणाले. रीतसर विसर्जन केलं. हातात दगडासारखं जड लागत होतं. भुवयांवरचं हाड तर बोटाएवढं जाड. तुझ्या आईनंतर प्रथमच त्या पायऱ्या उतरलो. बरं वाटलं.

जिवाला जप.
बाबा

लखनौ, १८ मार्च

ती. बाबांना सा. न.

कसं लिहू कळत नाही. तो साथीत गेलेला माणूस नव्हता. हत्तीच्याच थरातलं, दगड झालेलं, जाड भुवयांचं डोकं म्हणजे आपल्या आधीच्या माणसाचं. त्याची दगडी हत्यारं मिळतात, तो स्वतः जवळजवळ मिळतच नाही. सर तीस वर्षं त्याच्यासाठी नद्या पालथ्या घालताहेत. त्यांना काल सांगितलं. बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, पाण्यात शोधून आता उपयोग नाही.

मी रागावले होते, खोटं कशाला सांगू? पण मीही पत्रात फक्त हत्तीबद्दलच लिहिलं. माणूस निघेल असं मलाच वाटलं नव्हतं. ते डोकं हातात घेतलेले तुम्ही एकटेच. आठवेल तसं कागदावर काढून ठेवा. जेवण मात्र सोडू नका.

तुमचीच,
संजना

मळा, २४ मार्च

चि. संजनास आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. छत्तीस वर्षं मुलांना माणसाची उत्क्रांती फळ्यावर काढून शिकवली, आणि तो ओंजळीत आला तेव्हा ओळखला नाही. काल पुन्हा रामकुंडावर गेलो होतो. नुसताच पाण्याकडे बघत उभा राहिलो. शेखर शोधत आला आणि हाताला धरून घरी घेऊन आला.

चित्र रोज काढतो. जबड्यात दात पाच होते, हे खात्रीने सांगतो. कपाळ जमत नाही. मागे उतरतं काढायला जातो आणि आपल्या गावातल्याच कुणाचं तरी तोंड होऊन बसतं. सात कागद झाले. सरांना यातलं कुठलं दाखवायचं, ते तू आल्यावर सांग.

तुझा,
बाबा