थेसलोनिकीचा अर्थ

रविवार, संध्याकाळ. रत्नागिरी.

विजयाचा फोन आला तेव्हा नकाशा पुढ्यातच होता. लेक नोकरीसाठी ग्रीसला गेल्यापासून मी तिथल्या गावांची नावं पाठ करतोय आणि ती मला त्यांचे अर्थ सांगते. आज तिच्याच शहराची पाळी होती.

“बाबा, थेसलोनिकी म्हणजे थेसलीतला विजय. राजा तिथली लढाई जिंकला, म्हणून त्याने मुलीचं हे नाव ठेवलं. तेच पुढे शहराला मिळालं.” मग म्हणाली, “माझंही तसंच ना?”

तिला कोणी सांगितलं? ती जन्मली त्याच आठवड्यात भाट्याच्या बागेचा निकाल माझ्या बाजूने लागला. दावा सख्ख्या भावाशी, अण्णाशी. मी पेढे वाटले, मुलीचं नाव विजया ठेवलं. अण्णा बारशाला आला नाही. का यावं त्याने?

“जेवलीस का?” एवढं विचारून मी फोन ठेवला. नंतर लांज्याला अण्णाला फोन लावला, कित्येक वर्षांनी. सारखा खोकत होता. म्हणाला, “तुझी मुलगी कशी आहे रे?”

तिचं नाव त्याने कधीच घेतलं नाही. आजही नाही.

“बरी आहे,” म्हणालो. ते नाव मलाही घेता आलं नाही.