पाचवा भिडू

सोमवार
आले एकदाची! नवी नोकरी, नवं गाव आणि तिसऱ्या मजल्यावर माझी स्वतःची खोली. टेबल, कॉट, एक दार, एक खिडकी. खिडकीतून समोरच्या लाँड्रीच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी दिसतात. घरमालकीणबाई भलत्याच बोलघेवड्या. चहा पाजला, पण सोडायलाच तयार नाहीत. सामान लावायच्या आधी लॅपटॉप लावला, कारण संध्याकाळी आमचा चित्र ओळखायचा खेळ. एकाने स्क्रीनवर रेघोट्या मारायच्या, बाकीच्यांनी शब्द ओळखून लिहायचा. भिडू चार: माझी मामेबहीण ताई, आमचे मित्र बोका आणि मास्तर (खरोखर शाळेत शिकवतो, तरी त्याचा घोडा म्हणजे स्टूल) आणि मी, म्हणजे चष्मिष. हे नाव शाळेपासून चिकटलंय. आमच्यात रडीचा डाव चालतो. हरायला आलं की वाट्टेल त्या थापा मारायच्या; विश्वास ठेवेल तो बावळट. आज मला चक्कर आल्याचं लिहून मी ताईचा डाव बुडवला. फार हसलो.

मंगळवार
ऑफिस बरं आहे. संध्याकाळी खेळात एक पाचवा भिडू आला, बिननावाचा. बोक्याला वाटलं मी बोलावला, मला वाटलं मास्तरने. हात मात्र काय सुरेख! त्याने खिडकी काढली, मागे वाळत घातलेल्या चादरी. ही तर माझीच, असं मी गमतीत लिहिलं. ताईने सगळ्यांत आधी ओळखलं.

बुधवार
उठले तर खोलीत अंधार. खिडकीच्या जागी भिंत. ताजी नाही, रंग उडालेली जुनी भिंत, वर गंजका खिळा. घरमालकीणबाई म्हणाल्या, त्या बाजूला खिडकी कधी नव्हतीच, दगदगीने भास झाला असेल. मला रडूच आलं.

संध्याकाळी त्या बिननावाच्या पाहुण्याने माझा फोन चितारला, कोपऱ्यातल्या तड्यासकट. मास्तरने ओळखला. टेबलावर हात टाकला तर फोन नाही. चार्जरची वायर तेवढी लोंबते आहे.

लॅपटॉप बंद केला. बॅग भरते. आत्ताच्या आत्ता निघते.

दार नाही. मी बॅग भरत होते आणि ते तिघं खेळतच होते. लॅपटॉप उघडला, तर पडद्यावर माझं दार, कडीकोयंड्यासकट. खाली बोक्याचं बरोबर उत्तर.

गुरुवार
हाका मारून घसा बसला. खालचा टीव्ही मला ऐकू येतो. माझा आवाज कुणालाच जात नाही. लॅपटॉपवर खेळाशिवाय काही उघडत नाही. संध्याकाळपर्यंत बसून राहिले.

तिघं आल्या आल्या लिहिलं की मी कोंडले गेले आहे, कुणी काही ओळखू नका, पाया पडते. बोक्याने लिहिलं, थापेत प्रगती आहे. मास्तरने दहापैकी दहा दिले.

पाहुणा काढतो आहे. कॉट. कॉटवर वाकून लिहिणारी कुणीतरी. वेणी. आता डोळ्यांवर—

चष्मा.

मास्तरने मुलगी लिहिलं. चूक. बोक्याने विद्यार्थिनी— चूक. चुकू देत, देवा, चुकू देत—

ताई म्हणते की आज माझं रडणं तिला खोटं वाटत नाही. हो ताई, हो—

ती म्हणते, घाबरू नकोस. उत्तर आलंय तिला. डाव पटकन संपवते आणि लगेच तुला फोन करते.

नको— अगं नको—

ती टाइप करते आहे. ताई, आईशप्पथ, या वेळी खरंच मी