लाल फुटपाथावरचे चार ठसे

तीर्थस्वरूप ताईस, धाकट्याचा मान खाली घालून नमस्कार. (मान लिहिण्यापुरतीच खाली आहे, गैरसमज नको.) कंबर कशी आहे? दिवसभर रोलरमागे उभी असतेस, पट्टा बांधतेस ना? आई ठणठणीत आहे, नजर मात्र आणखी अधू झाली.

पत्रास कारण, आपला महिनाभराचा अबोला. आपल्या गल्लीच्या रस्त्याचा ठेका तुझा असला, तरी फुटपाथावर लाल डांबर ही निव्वळ चैन आहे, असं माझं ठाम मत होतं. आणि ठाम मत मी घरात ठेवत नाही. म्हणून तुझ्या मजुरांसमोर, नुकत्याच पसरलेल्या मालावर उभा राहून मी बोललो. काळा हा कष्टाचा रंग आहे, त्याला लाली फासणं हा श्रमाचा अपमान आहे, इथवर पोचलो होतो. (टाळ्याही पडल्या. नंतर कळलं, मजूर हातमोजे झटकत होते.) समारोपाला एक पाऊल पुढे टाकायला गेलो, तर चपला हलेनात. तू गमबुटांनिशी आलीस, शेजारी उभी राहून काखेत हात घातलास आणि मला उपटलंस. वर सगळ्यांदेखत, "गाढवा, लहानपणी चिखलातून काढलं, आता डांबरातून!" चपला फावड्याने निघाल्या. माझा राग निघाला नाही.

काल आई कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जाऊन आली. एकटी, ताई! दोन वर्षांनी! काळा फुटपाथ कुठे संपतो आणि काळा रस्ता कुठे सुरू होतो, हे तिला दिसायचं नाही; लाल दिसतं. म्हणे, कुठला रंग दिसतो हे तू तिला डांबराचे रंगीत तुकडे दाखवून आधीच विचारलं होतंस. मला का नाही सांगितलंस? (मी लालच्या बाजूने बोललो असतो. आणखी लांब.)

मी चुकलो. हे वाक्य प्रथमच लिहितोय, जपून ठेव.

तुझा धाकटा

ता. क. : मुकादम म्हणाला, सोमवारी तू डांबरात उमटलेले ते ठसे उखडून नवा माल भरणार. कृपा कर, भरू नकोस. काठीचं टोक त्यांत अडकलं की आईला कळतं, इथून आपल्या दाराकडे वळायचं.

ता. क. २ : वरचं कारण माझं. आईने बोटं फिरवून पाहिलं, माझ्या चपलांशेजारी तुझे गमबूट आहेत. ती म्हणते, "हात लावायचा नाही. पोरं निदान इथं तरी जवळ उभी आहेत."