दोन गल्ल्यांच्या मधली चूल

माय,

आज घरात आलं ते असं: बिबड्यांसाठी दादर ज्वारी दहा किलो, साडेपाचशे रुपये, लसूण अर्धा किलो, शंभर, तीळ पाव किलो, साठ. आणि एक कागद आला, त्याला पैसे पडले नाहीत. इथे जळगावला आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर शिवणकाम करणारी एक मुसलमान बाई भाड्याने राहते. परवा चौकात दगडफेक झाली. तिचा त्याच्याशी काही संबंध नाही, तरी तिला खोलीतून काढा असा अर्ज घरमालकाला द्यायचा आहे. सगळ्यांच्या सह्या झाल्या, आमची तेवढी राहिली. कागद घेऊन आलेल्या शेजारीणबाई म्हणाल्या, "तुम्ही ख्रिस्ती लोक, ना इकडचे ना तिकडचे. सही करा, म्हणजे आमचे व्हाल."

ते ऐकलं आणि धुळ्याचं आपलं घर डोळ्यांपुढे आलं. दोन गल्ल्यांच्या तोंडाशी, एकीकडे हिंदू, एकीकडे मुसलमान, मध्ये आपण एकटे. मी मॅट्रिकला होते. दंगल होऊन गेलेली, संचारबंदी दिवसापुरती उठलेली, पण दोन्हीकडची दारं बंद. आणि तू सकाळी रस्त्याच्या मधोमध तीन दगड मांडतेस, त्यावर बिबड्यांचं मोठं पातेलं चढवतेस. ज्वारी आधीच भिजत घातलेली, ती काही संचारबंदी पाळत नव्हती. मी दाराआडून ओरडते, "माय, आत ये, दगड येतील." तू वळूनही बघत नाहीस. "दार उघडं ठेव आधी. बंद दार बघूनच माणसं भितात."

ज्वारीचा शिजवलेला घाटा गरम आहे तोवरच पापडासारखा थापावा लागतो. गार झाला की बिबडी चिरते. एका बाईचं ते काम नाही, हे दोन्ही गल्ल्यांना ठाऊक होतं, कारण दर उन्हाळ्यात त्याच बाया आपल्याकडे थापायला यायच्या. तू दोन्हीकडे तोंड करून हाका मारल्यास. हिंदू गल्लीतल्या अक्का ओट्यावर आल्या आणि मुसलमान गल्लीतल्या चाचीच्या दाराकडे बोट करून म्हणाल्या, "ती शे तठे मी येत नही." ती आहे तिथे येणार नाही म्हणे. पलीकडून चाचीचा आवाज, "हमारे आदमी हवालात में हैं, और तुमको पापड सूझ रहे?" तू घाटा ढवळत म्हणालीस, "छूटके आएंगे तो खाएंगे क्या? बैठो, हात भिजवा."

कोणी हललं नाही. घाटा आळत चालला. तू समजावलं नाहीस, प्रभूचं नावसुद्धा घेतलं नाहीस. खाटेवर ओलं धोतर पसरून एकटीच थापत बसलीस, बोटं भाजून लाल झालेली. ते मात्र अक्कांना बघवेना. त्या आल्या. मग चाची आली, खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसली. दोघी थापू लागल्या. अक्का खेकसल्या, "जाड थापतेस गं, वाळायची नाही ती." चाची म्हणाली, "तुमसे तो पतलीच है." अक्कांनी वाकून पाहिलं. "शे खरी," म्हणाल्या, आणि चाचीला हसू फुटलं. मी उंबऱ्यावर उभी होते. जन्मभर चर्चमध्ये प्रार्थना ऐकल्या, पण देव हाताच्या अंतरावर उभा आहे असं मला पुन्हा कधी वाटलं नाही. त्यानंतर सगळं गोड झालं असं नाही, चाची पुढे घर विकून गेली. पण त्या उन्हाळ्यात आपल्या गल्ल्यांच्या तोंडाशी पुन्हा दगड पडला नाही.

आता माझं ऐक. मी सही केली नाही, पण नाही म्हटलं असंही नाही. "हे घरी नाहीत, आले की बघू," म्हणाले. हे आत पेपर वाचत होते. नंतर ती कोपऱ्यावरची बाई मान खाली घालून दारावरून गेली, तर मी पडदा ओढून घेतला. शेजारीणबाई उद्या परत येणार आहेत. त्यांच्या तोंडावर नाही म्हणायचं, मग कोपऱ्यापर्यंत चालत जायचं, एवढंच काम आहे, आणि पाय उचलत नाही. तू जाऊन वर्षं झाली, हे पत्र माझ्या पेटीतच राहणार, मला माहीत आहे. तरी एक विचारते. त्या दिवशी हाका मारताना तुझा आवाज कापत होता का? उंबऱ्यावरून मला कळलं नाही. कापत असेल तर तसं उलट टपाली कळव, म्हणजे मलाही जमेल.