वाढलं तेवढं खाल्लं

३ मार्च
लेक सहा वर्षांची असताना शाळेतून आली की ओट्यावर चढून बसायची. टोस्ट दुधात बुडवायची, अर्धा मला भरवायची. आज तोच टोस्ट तिच्या मुलीसाठी, आमच्या मुंगीसाठी. ल्युकेमियाची केमो चालू आहे. हॉस्पिटलातल्या आहारवाल्या बाई म्हणाल्या, वजन उतरलं की इन्फेक्शन गाठतं, औषधं पुढे ढकलावी लागतात. रोज काय खाल्लं ते वहीत लिहायचं.
संकल्प : महिन्यात दोन किलो वजन वाढवायचं. त्यात काय एवढं?

५ मार्च, दुपार
सूप, अंडं, मऊ भात. मुंगीने दोन चमचे घेतले. बाकीचं संध्याकाळी घेईलच, म्हणून वहीत सगळं लिहून टाकलं. संध्याकाळी ती झोपली. उरलेलं मी संपवलं. माझ्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर म्हणायच्या, ताटात टाकणं पाप.

११ मार्च
बाई वहीवर खूश. आजींच्या हाताला चव आहे म्हणाल्या. लेकीला दोनदा सांगितलं.
वजन जैसे थे. काटा जुना आहे.

१९ मार्च
मुंगीच्या तोंडात फोड. कस्टर्ड गार करून नेलं. म्हणाली, "आजी, तू खा, मी बघते." गुणाची पोर. खाल्लं.
वहीत : कस्टर्ड, एक वाटी.

२४ मार्च
दीड किलो कमी. बाई बुचकळ्यात. वहीप्रमाणे वाढायला हवं होतं. नाकातून नळी घालून अन्न देऊ म्हणाल्या. मी साफ नाही म्हटलं. माझ्या हातचं खाऊन लेक वाढली, नात नळीवर? वही पुढे केली, आठवडा मागून घेतला. वहीकडे बघूनच दिला त्यांनी.
माझं पोलकं दंडात घट्ट होतंय. धुण्यात आटलं असणार.

३१ मार्च
ताप. केमो थांबवली. नळी घातली. मुंगी रडली नाही.
लेकीने विचारलं, "आई, खात होती ना गं ती?"
हो म्हटलं.

१० एप्रिल
मुंगी सहा तारखेला गेली. डॉक्टर म्हणाले, आजारच हट्टी होता, कुणाचा दोष नाही. घरी येऊन हे वाक्य लगेच लिहायला बसले. आज चौथ्या दिवशी लिहून झालं.

१५ एप्रिल
मुंगीची रंगपेटी वॉर्डातल्या शेजारच्या खाटेवरच्या मुलीला. तांबडा खडू संपलाय, नवा घालून.
दुधात घालायच्या ताकदीच्या पावडरचे न फोडलेले तीन डबे वॉर्डात. नर्सने ज्याला लागेल त्याला द्यावेत.
छोटा चमचा लेकीला, हवा असेल तर.
वही आहारवाल्या बाईंना. जिथे 'खाल्लं' आहे तिथे 'वाढलं' असं वाचायचं. पुढच्या आजीला त्यांनी ताट नाही, उरलेलं विचारावं.
पण वही आधी लेकीला. मी स्वतः देईन. उद्या.
नको, आजच.