सासरेबुवांचा आवाज, साफ करून

३ मार्च, सकाळ
सासरेबुवांच्या घशाचं ऑपरेशन बारा तारखेला. नंतर आवाज पूर्वीचा राहीलच असं नाही, म्हणतात डॉक्टर. म्हणून मेहुण्याने त्यांची सगळी हकिगत त्यांच्याच तोंडून रेकॉर्ड केली. दोन माइक. एक त्यांच्यासमोर, एक सासूबाईंसमोर. सासूबाईंना माइक देणं ही घोडचूक. दर वाक्याला मध्ये बोलतात. वर पंख्याची घरघर. मेहुणा रेकॉर्डिंग साफ करायला स्टुडिओवाल्याकडे देणार होता. म्हटलं, घरात माणूस असताना बाहेर कशाला? काम माझ्याकडे.

४ मार्च
सॉफ्टवेअर टाकलं. शिकवणारा व्हिडिओ पाऊण तासाचा. सुरुवात पाहिली, अंदाज आला. ही म्हणाली, आधी फाइलची कॉपी करून ठेव. म्हटलं, कॉपी मी परीक्षेतसुद्धा केली नाही. थेट मूळ फाइलवरच काम.

७ मार्च
काही झालं नाही. खुर्ची नीट नाही.

८ मार्च, दुपार
हेडफोन लावून ऐकलं. डाव्या कानात सासूबाई, उजव्या कानात सासरेबुवा. मेहुण्याने चिठ्ठीत नेमकं उलटं लिहून दिलंय. बावळट आहे. चिठ्ठी फेकली. स्क्रीनवर डाव्या आवाजाची पट्टी निवडली, डिलीट, सेव्ह. मूळ फाइल कायमची बदलेल, चालेल का, असं कॉम्प्युटरने विचारलं. मी मागे फिरणाऱ्यांतला नाही. हेडफोनची वायर मात्र भलत्याच बाजूने लोंबते, सारखी चहात जाते. स्वस्तातला माल.

९ मार्च
उरलेल्या पट्टीच्या चित्रात मोठ्या लाटांमध्ये बारीक गवतासारखं काहीतरी दिसलं. पंखाच. फिल्टर लावून उपटून टाकलं. सेव्ह. ऐकायची गरज वाटली नाही. ऐकत बसतात ते शिकाऊ. मी चित्र बघून ओळखतो. हिला ऐकायचं होतं. म्हटलं, सगळ्यांबरोबर ऐक.

१२ मार्च
ऑपरेशन नीट झालं. सासरेबुवांना बोलायला बंदी. हातात पाटी-पेन्सिल दिली आहे.

१५ मार्च
सगळे जमले. मी दोन शब्द बोललो. मग फाइल लावली.
सासूबाईंचा आवाज, खणखणीत: खोटं, त्या दिवशी पाऊस नव्हता. मग शांतता. मग: नोकरी सोडली नव्हती, काढलं होतं. शांतता. मेहुणा हसून हसून सोफ्यावर आडवा.
मग सासूबाई विचारतात, मला न विचारता हे घर का घेतलंत, सांगा आता मुलांना. पुन्हा शांतता. तिथे सासरेबुवांनी उत्तर दिलं होतं. काय दिलं होतं ते सासूबाईंच्या माइकमध्ये बारीक उमटलं होतं, तेच मी गवत म्हणून उपटलं. सासूबाई स्पीकरकडे बघत राहिल्या. डोळे भरले त्यांचे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.
सासरेबुवांनी पाटी वर केली. लिहिलं होतं: घरी असंच असतं. राहू द्या.
सगळे हसले. सासूबाईही. मला काही हसू आलं नाही.
घरी आल्यावर हिने हेडफोन हातात घेऊन त्यावरचे डाव्या-उजव्या बाजूचे L आणि R दाखवले. मी उलटे घालत होतो. इतकं बारीक अक्षर कोण वाचतं?

३० मार्च
बोलायची परवानगी मिळाली. आवाज घोगरा झालाय, पण आहे. पहिलं वाक्य सासूबाईंना: पाऊस होता.
सासूबाई म्हणाल्या, नव्हता. आणि पदर डोळ्यांना लावला.
उद्या पुन्हा रेकॉर्डिंग. माइक मेहुण्याकडे. फाइल हिच्याकडे, तीन कॉप्यांसकट. माझ्याकडे पंखा बंद करण्याचं काम. बोर्डावर पाच बटणं आहेत. मेहुण्याने एकावर चिठ्ठी चिकटवली आहे. या वेळी वाचून घेतली.